दोन स्टॉपच्या मधात

मावशींना स्कूटीवर मागे बसायला सांगण्याचा आगाऊपणा मी आयुष्यात एकदाच केला. मे महिना होता, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि त्या वडनेरच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्ता सोडून वावरांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, गावाकडे येत होत्या. मी रस्त्यावर थांबून हॉर्न वाजवला. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या, कपाळावर हात आडवा धरून कोण आहे ते नीट पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "गाडीत बसाचे मले सरकारनं वीस वर्षं पैसे देल्ले! आता तुह्या गाडीवर फुकट काऊन बसू?"

पिशव्या उचलून त्या चालायला लागल्या. मी रस्त्यावर उन्हात मूर्खासारखी उभी.

मावशी म्हणजे माझी घरमालकीण. नाशिककडून मी या गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला आले, तेव्हा त्यांच्या घराची वरची खोली मला मिळाली. एसटीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या होत्या. आमच्या भागात बायका कंडक्टर व्हायला लागल्या त्या पहिल्या तुकडीतल्या. यजमान वारलेले. मुलगा पुण्यात कंपनीत. तो दर दिवाळीला न्यायला यायचा आणि दर दिवाळीला एकटाच परत जायचा. मावशी एकदा महिनाभर त्याच्याकडे राहून आल्या होत्या. कसं वाटलं पुणं, असं विचारलं तर म्हणाल्या, "चालाले जागा नाही. अन् जिथी हाय तिथी लोक गोल गोल फिरतेत. घाण्याले जुंपल्यावानी."

अंगावर सुती साडी, तिच्यावर एसटीचा जुना खाकी शर्ट. वावरात जाणाऱ्या बायका उन्हासाठी साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात, तसा ह्यांनी स्वतःचाच घातलेला. हातात बांबूची काठी. निघताना ती काठी दगडावर दोनदा वाजवायच्या, थांबायचं असेल तेव्हा एकदा. कंडक्टरची घंटी अशी त्यांच्या हातात मुरलेली होती. त्यांच्याबरोबर दोन-चार रविवार चालल्यावर मीही टोल ऐकून आपोआप थांबायला लागले. एकदा वर्गात कुणीतरी डस्टर बाकावर आपटला आणि मी फळ्याजवळ बोलता बोलता गप्प झाले. स्वयंपाकघरातसुद्धा मावशी पाय फाकवून उभ्या राहायच्या. भिंतीला टेकणं माहीत नाही. भाकरी थापताना मध्येच जमीन वळण घेईल अशी तयारी असल्यासारख्या.

आता हे सगळं ठीक आहे. वय झालेल्या बाईने सकाळी थोडं फिरून यावं, कोणी काही म्हणत नाही. पण मावशी थोडं फिरत नसत. सकाळी भाकरी-ठेचा फडक्यात बांधून निघायच्या आणि दिवस मावळायच्या आत कुठल्या तरी भलत्याच गावच्या बाजूने उगवायच्या. आणि डांबराला पाय लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पांदण, पायवाट, धुरा, नाल्याचं कोरडं पात्र, काहीही चालेल. सडक चालणार नाही. हायवे आडवा आलाच तर साडी वर खोचून, दोन्ही बाजूंच्या ट्रकवाल्यांच्या घराण्याचा उद्धार करत पळत पलीकडे जायच्या आणि पलीकडच्या मातीत चपला घासायच्या. शेण लागल्यावर घासतात तशा.

असं का, ते मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे पाहा मॅडम, मोताळ्याचा घाट मी किती खेपा उतरली असन? पण घाट मले माहीत नाही. मले लोकाईचे हात माहीत हाय. हात, पैसे, तिकीट. वर पाह्यलं का स्टॉप आला. वाकून पाह्यलं का दुसरा आला. दोन स्टॉपच्या मधात काय हाय, हे मी नोकरीभर पाह्यलंच नाही. मले थे पाहाचं हाय. बस."

एवढंच कारण होतं. गावाला मात्र ते पुरेना. गावात घराबाहेर पडलेल्या माणसाला "कुठी चालल्या?" हे विचारायचंच असतं, आणि त्याने वावराचं, बाजाराचं, दवाखान्याचं नाव घ्यायचंच असतं. मावशी सांगायच्या, "कुठीच नाही." लोकांना याचा राग यायचा. पुरुष असा हिंडला तर पायाला भिंगरी आहे म्हणून सोडून देतात. बाई कामाशिवाय हिंडते म्हटल्यावर गावाची झोप उडते. कोणी म्हणालं, जमिनीची दलाली करते. कोणी म्हणालं, गुप्तधन शोधते. एका म्हाताऱ्याने तर नवीन रस्त्याची मोजणी करणारी सरकारी बाई समजून त्यांना खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि रस्ता माझ्या नाही, भावाच्या वावरातून काढा, अशी विनंती केली. मावशींनी चहा पिऊन होकार दिला.

पण सगळ्यात जास्त घोटाळा व्हायचा तो शेगावचा.

आमच्या भागात माणूस पायी दिसला की तो शेगावला चाललाय, हे ठरलेलं. त्यात चूक काही नाही, चालणारे बहुतेक तिकडेच चाललेले असतात. खानदेशातून, मलकापुराकडून, हातात पताका घेऊन पायदळ येतात आणि हायवेकाठची गावं त्यांना पाणी, चहा, फराळ देतात. फार मनापासून देतात. मावशी दिसल्या की बाया लोटा घेऊन धावत यायच्या. त्या पश्चिमेला तोंड करून चाललेल्या असल्या तरी. एका वावरात हरभऱ्याची भाजी खुडणारी एक बाई धावत आली आणि मावशींच्या पायाच पडली. मी बरोबर होते.

"माउली, कोन्या गावाहून निंगाल्या?"

"मी शेगावले नाही चालली बाई," मावशी म्हणाल्या.

"मंग कोनता नवस हाय?"

"नवस नाही."

बाईने जरा विचार केला. "शुगर हाय काय मंग? डाक्टरनं सांगतलं?"

"शुगर बी नाही."

ती बाई उभी राहिली, हात झटकले, आणि इतक्या कळवळ्याने मावशींकडे पाहिलं की मला हसू आवरेना. ना नवस, ना शुगर, आणि तरी चालते! मावशींनी मात्र तिला खाली बसवून घेतलं, फडक्यातली अर्धी भाकरी दिली आणि तिच्याकडची भाजी घेतली. जाताना म्हणाल्या, "पाया पडाचं असन त मंग दोघी एकमेकीच्या पडू." ती बाई लाजून पळाली.

मी कधी म्हणायचे, मावशी, हो म्हणून टाकायचं ना, लोकांना बरं वाटतं. त्या म्हणायच्या, "महाराजाचं नाव घेऊन खोटं बोलू? जे खरोखर चालतेत त्याईच्या पायाले फोड येतेत. त्याईचा मान मी कायले खाऊ?"

त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे हिवरा आश्रम, घाटावरचं एक गाव. ते नाव त्यांनी नोकरीत गाडीच्या पाटीवर हजारदा वाचलेलं. कित्येकदा तिथपर्यंत गेलेल्याही होत्या, पण उतरून स्टँडच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. म्हणून एका हिवाळ्यात त्या गावाहून तिथपर्यंत पायी गेल्या. मोताळ्यावरून घाट चढून, बुलडाण्याला वळसा घालून, चिखलीच्या बाजूने, डांबर टाळत. मुक्काम कुठे मावसबहिणीकडे, कुठे विहारात, कुठे बसमध्ये ओळख झालेल्या एखाद्या जुन्या पासवालीच्या घरी. मला रोज फोन यायचा, त्यात गावाचं नाव नसायचं. "आज एक लय मोठं वडाचं झाड भेटलं," एवढंच. आश्रमात पोचल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, दर्शनाला आलात का. मावशींनी सांगितलं, "नाही बाप्पा. वाट हिथपर्यंत येते का थे पाह्याले आली." त्यांनी जेवायला वाढलं. मावशी जेवल्या, पंगतीची भांडी घासायला बसल्या आणि दुसऱ्या दिवशी परत फिरल्या. परतीला दुसरी वाट धरली. का, तर आलेल्या वाटेने जाणं म्हणजे ड्युटी.

मला त्या फार आवडायच्या, हे सांगून टाकते. आणि कधी कधी त्यांचा संतापही यायचा. माणसाने इतकं ताठ असू नये असं वाटायचं. जमवून घेण्यात काय बिघडतं, असं वाटायचं. हे माझं वाटणं त्या पांदणीच्या प्रकरणात संपलं.

आमचं गाव आणि नाल्यापलीकडची वरची वस्ती यांच्यामध्ये एक पांदण होती. पांदण म्हणजे दोन वावरांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी सरकारी वाट. कोणाच्या मालकीची नसते म्हणून सगळ्यांची असते. वरच्या वस्तीत बहुतेक बौद्ध घरं, थोडी इतर. मावशींचं माहेर तिथलंच. आमच्या शाळेतल्या डझनभर पोरी त्या पांदणीने यायच्या. मावशीही लहानपणी त्याच पांदणीने आमच्या शाळेत आल्या होत्या. "ही पांदण नसती त मी आज कोनाच्या वावरात निंदत असती," असं त्या म्हणायच्या. निंदणाऱ्या बायांना कमी लेखून नव्हे. पण त्यांना स्वतःला काय व्हायचं होतं ते त्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर गावातले बडे शेतकरी भाऊसाहेब यांनी ती पांदण नांगरली. पांदणीच्या दोन्ही बाजूंची वावरं त्यांचीच. मधली वाट ट्रॅक्टरने मोडली, हरभरा पेरला आणि सगळ्याला मिळून विजेच्या झटक्याची तार लावली, नाल्याच्या बाजूने लोखंडी फाटक. भाऊसाहेब काही दुष्ट माणूस नव्हते. रोही, म्हणजे नीलगायी, हरभरा बुडापासून खाऊन टाकतात, एका रात्रीत वावर साफ करतात, हे खरंच होतं. झटक्याच्या तारेने रोही मरत नाही, दचकून पळतो. पण दप्तर घेतलेली पोरगीही दचकून पळते. पोरींना आता हायवेवरून मोठा वळसा घालून, ट्रकच्या वाऱ्यात चालत यावं लागायचं. आठवडाभर आल्या. मग कमी झाल्या. डिसेंबरात माझ्या आठवीच्या वर्गात वरच्या वस्तीचा बाक रिकामा दिसू लागला. एका पोरीच्या आईने मला सरळ सांगितलं, "सडकीनं नाही धाडत मॅडम. पांदण खुली झाली का धाडतो." पांदण खुली झाली नाही तर ती पोरगी शाळेत येणार नव्हती, इतका साधा हिशेब होता.

तहसिलीत अर्ज गेला. तिथे तारखा पडू लागल्या. मावशी तारखांना जायच्या, अर्थात वावरांतून. पण तारखांच्या मधल्या दिवसांत घरी बसायच्या नाहीत. रोज शाळेच्या वेळेला नाल्याच्या बाजूने फाटकापाशी जायच्या, तारेच्या खालून सरपटत आत शिरायच्या आणि जिथून पांदण होती बरोबर तिथून, हरभऱ्यातून, सरळ गावात यायच्या. पहिल्या दिवशी तारेचा झटका बसला. तेव्हा त्यांनी जे शब्द काढले ते मी इथे लिहीत नाही; एसटीत ते गर्दीच्या दिवशी वापरतात. भाऊसाहेबांचा गडी धावत आला, बाई, पीक तुडवून राह्यल्या तुमी. मावशी म्हणाल्या, "मी पीक नाही तुडवत. पीक माह्या वाटेत उगवलं." महिन्याभरात हरभऱ्यात एक पाऊलवाट पडली. एकाच माणसाच्या चालण्याने पडलेली, वेडीवाकडी नाही, सुतासारखी सरळ. गडी रोज तिथे काट्या टाकायचा, मावशी रोज काठीने बाजूला सारायच्या.

पण पोरी तारेखालून कशा येणार? मावशी एकट्या येऊन उपयोग नव्हता आणि ते त्यांना कळत होतं. घरी आल्या की पाय कोमट पाण्यात सोडून बसायच्या. तेवढ्या दिवसांत मी त्यांना थकलेलं पाहिलं.

मग माघ आला. शेगावला जाणारे हायवेवरून वाहू लागले. भाऊसाहेब दरवर्षी हायवेच्या कडेला मांडव टाकतात, चालणाऱ्यांना चहा-पोहे देतात. स्वतःच्या हाताने देतात, वाकून देतात, त्यात ढोंग नाही. आमच्या हेडसरांच्या डोक्यात तेव्हा कल्पना आली. संध्याकाळी ते मावशींच्या ओट्यावर येऊन बसले.

"मावशी, फक्त एक करा. हातात पताका घ्या अन् पोरींच्याही हातात द्या. शेगावले पायदळ चाललो म्हणा. भाऊसाहेब तशा माणसाले अडवत नाहीत. मी बोललो त्यांच्याशी. उद्या सकाळी ते स्वतः फाटक उघडायले उभे राहतीन. त्यांचीही लाज राहते, तुमचंही काम होते. एकदा उघडलं का मंग रोजचंच."

मला ते शंभर टक्के पटलं. मी म्हणाले, "मावशी, खरंच, काय हरकत आहे?"

मावशींनी आमच्या दोघांकडे पाहिलं. रागाने नाही. पासच्या मुदतीवरून वाद घालणाऱ्या प्रवाशाकडे पाहावं तसं.

"सर, पताका खाली ठेवली का मंग?" त्या म्हणाल्या. "जूनमदी पोरी पताका घेऊन येतीन शाळेत? शेगावले चालली म्हणून सोडलं, म्हणजे शाळेत चालली असती त सोडलं नसतं, हे मीच त्याईले लिहून देल्यासारखं होते. नाही. मले थे फाटक नाही पाह्यजे. मले पांदण पाह्यजे."

हेडसर उठून गेले. भाऊसाहेबांपर्यंत काय निरोप गेला कोण जाणे. बहुधा गेलाच नाही, किंवा हेडसरांनी तो गुळगुळीत करून सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी वरच्या वस्तीत गेल्या आणि घरोघर जाऊन पोरी गोळा केल्या. रविवार नव्हता, पण मीही त्यांच्याबरोबर होते. पहिला तास दुसऱ्या बाईंकडे टाकून आले होते. पोरी गणवेशात, वेण्या घातलेल्या, पाठीवर दप्तरं. मागून त्यांच्या आया, आणि आयांच्या मागे कामावर जायचं सोडून काही बाप. नाला उतरून आम्ही फाटकाशी आलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं. तारेचं बटण बंद केलेलं. आणि फाटकात भाऊसाहेब पांढरे कपडे घालून, हातात पाण्याचा लोटा घेऊन उभे. मागे गावातली माणसं. हेडसरही होते, मान खाली घालून.

भाऊसाहेब वाकले. अगदी मनापासून वाकले. "या माउली," ते म्हणाले. "पानी घ्या."

सगळं झालं होतं. नुसतं आत यायचं होतं. एका आईने माझा हात घट्ट धरला होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, मावशी, आता गप्प राहा, देवा, ह्यांना आता गप्प ठेव.

मावशींनी लोटा घेतला, वरून पाणी प्यायलं आणि लोटा परत केला.

"पानी गोड हाय भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "पण माउली नोका म्हणू. मी शेगावले नाही चालली. ह्या बी नाही चालल्या."

मागे कुजबुज झाली. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "अवो, कुठी बी चालल्या असान," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी कुठी इचारून राह्यलो?"

"तुमी नोका इचारू. मी सांगतो. ह्या शाळेत चालल्या. उद्या बी येतीन. जूनमदी बी येतीन. तवा यांच्या हातात पताका नसन, दप्तरच असन. तवा काय म्हनसान?"

भाऊसाहेबांनी मागे लोकांकडे पाहिलं, हेडसरांकडे पाहिलं. हेडसर जमिनीकडे पाहत होते. मग भाऊसाहेब एकदम चिडले. त्यांच्या जागी मीही चिडले असते. सकाळपासून अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून माणूस उभा होता.

"बरं बाई!" ते म्हणाले. "जा! घेऊन जा पोरी. उद्या बी जा, परवा बी जा. माही परवानगी हाय. सगळ्या गावापुढे सांगतो. आता झालं?"

पोरी पुढे सरकल्या. मावशींनी काठी आडवी धरून त्यांना थांबवलं. त्या आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. मावशी भाऊसाहेबांच्या अगदी समोर गेल्या. त्यांच्याहून चांगल्या हातभर बुटक्या. आवाज चढवला नाही.

"परवानगी मांगाले कोनी आलं नाही भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "तुमची परवानगी परवा तुमी वापस घेसान, नाही त तुमचा पोरगा घेईन. आमाले थे नाही पाह्यजे. तुमी पांदणीत उभे हाय. फकस्त बाजूले व्हा."

हायवेवरून ट्रक जात होते. भाऊसाहेब मावशींकडे पाहत होते आणि मावशी त्यांच्याकडे. मग भाऊसाहेबांनी लोटा दुसऱ्या हातात घेतला, धोतर सावरलं, आणि दोन पावलं बाजूला, पांदण सोडून स्वतःच्या वावरातल्या हरभऱ्यात जाऊन उभे राहिले.